जुनी कळ, नवी कळ : बरगडीच्या दुखण्याचं एक प्रकरण

ताई चौतीस वर्षांच्या आहेत. केज तालुक्यातल्या एका गावात राहतात आणि घरी शिवणकाम करतात. तीन एकर कोरडवाहू रान आहे, त्यात सोयाबीन आणि तूर. मुलगी दहा वर्षांची. मी अंबाजोगाईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा फाइलवर 'अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस', म्हणजे मणक्याच्या सांध्यांचा दाह, असं निदान होतं आणि खाली संधिवाततज्ज्ञांची एकच ओळ होती, 'छातीच्या हालचालीचे व्यायाम शिकवावेत'. त्यांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहिते आहे. नाव आणि गाव देत नाही.

मणक्याच्या या दाहाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा कंबरेबद्दल बोलतो. बरगड्यांचा विषय एखाद्या वाक्यात संपतो. ताईंचं म्हणणं याच्या उलट होतं. कंबर दहा वर्षांपासून दुखत होती, तिच्याशी त्यांनी जमवून घेतलं होतं. बरगडीशी जमवता येत नव्हतं. "मॅडम, कंबर दुखली तर मशीन बंद ठेवते. श्वास कसा बंद ठेवू?" हा प्रश्न मला अजूनही या आजारातला सगळ्यात नेमका प्रश्न वाटतो, आणि त्याला जमेल तेवढं उत्तर द्यावं म्हणून हे लिहिणं.

निदानाच्या आधी

घरातल्या सगळ्यांच्या मते दुखणं बाळंतपणापासून सुरू झालं. सिझेरियन झालं, मणक्यात सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली. आपल्याकडे गावोगाव ही समजूत इतकी पक्की आहे की बायका स्वतःच तसं सांगतात आणि ऐकणाराही पुढं विचारत नाही. मी विचारलं, लग्नानंतर लगेचच्या वर्षात सकाळी कसं वाटायचं? थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, सडा-झाडलोट करताना वाकता यायचं नाही. भाकरी टाकून होईपर्यंत अंग मोकळं व्हायचं. पहाटे तीनच्या सुमाराला जाग यायची, कधी उजव्या कुल्ल्यात दुखायचं तर कधी डाव्या. उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. हे सगळं मुलीच्या जन्माच्या आधीचं होतं.

कष्टानं आलेली कंबरदुखी आराम केला की कमी होते आणि काम केलं की वाढते. दाहाची कंबरदुखी आरामानं वाढते आणि हालचालीनं उतरते. सकाळचं आखडणं अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिकतं, उत्तररात्री झोप मोडते, सुरुवात बहुतेक वेळा चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत होते. एवढी खूण पुरेशी असूनही या आजाराच्या निदानाला जगभर सरासरी सहा-सात वर्षांचा उशीर होतो आणि बायकांच्या बाबतीत तो आणखी वाढतो. हा पुरुषांचा आजार आहे असं एकेकाळी पुस्तकांतच लिहिलेलं असायचं. बायकांमध्ये एक्स-रेवरचे बदलही बऱ्याचदा उशिरा दिसतात. त्यात खेड्यातल्या बाईच्या कंबरदुखीला कारणं तयारच असतात, बाळंतपण, पाणी वाहणं, खुरपणी, मशीन.

बरगडीचं दुखणं तीन वर्षांपूर्वी लगीनसराईत सुरू झालं. ब्लाउजांचा ढीग पडलेला, रात्री उशिरापर्यंत मशीन. आधी छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला बोट ठेवलं तरी दुखायचं, मग दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये पाठीत, मग शिंक आली की पट्ट्यासारखी कळ पुढून मागे. एका रात्री डाव्या बाजूला इतकं दुखलं की पूर्ण श्वास भरेना. यजमानांनी शेजारच्याची जीप काढली. दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. पित्ताचं इंजेक्शन देऊन सकाळी घरी पाठवलं.

त्या रात्री ईसीजी काढला हे शंभर टक्के बरोबर झालं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचं हृदय आधी पाहायचं, मग बाकी सगळं. या आजारात हृदयविकाराचा धोका थोडा जास्तच असतो, त्यामुळे 'मला तर बरगडीचंच दुखणं आहे' म्हणून घरी बसून राहणं चुकीचं. राहिलं ते एवढंच की ईसीजी नॉर्मल आल्यावर 'काही नाही' असं म्हटलं गेलं आणि मग दुखतंय ते काय, हे कुणी पाहिलं नाही. ताई घरी आल्या त्या मनात लाज घेऊन. गाडीचा खर्च झाला, सासू-सासरे जागले, आणि निघालं काय तर गॅस.

पुढचे काही महिने जे जे सुचवलं गेलं ते ते झालं. बरगडी सरकली म्हणून एकानं पालथं झोपवून पाठीवर गुडघा दिला. याबद्दल मी स्पष्ट लिहिते : मणक्याच्या दाहाच्या आजारात हाडं आतून ठिसूळ होऊ शकतात, मणके एकमेकांना जुळू लागलेले असू शकतात, आणि अशा पाठीवर झटका दिला किंवा भार टाकला तर मणका मोडू शकतो. ताईंचं नशीब बरं म्हणून नुसतं दुखणं वाढून थांबलं. सासूबाईंनी मायेनं दुखऱ्या जागी बिब्बा घातला, त्याचे काळे चट्टे छातीवर अजून आहेत. बाजारातल्या पुडीनं मात्र चार दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं, भूक वाढली, चेहरा भरला. असं झालं की पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. ती पुडी एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी, कारण बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं असतं.

निदान झालं ते डोळ्यामुळे. एक डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं. घरच्यांना वाटलं डोळे आलेत. पण चिकटा नव्हता आणि डोळा आतून ठणकत होता. नेत्रतज्ज्ञांनी बुबुळाजवळचा दाह, म्हणजे युव्हायटिस, ओळखला, थेंब सुरू केले आणि विचारलं, सकाळी कंबर आखडते का? या एका प्रश्नामुळे ताई संभाजीनगरला संधिवाततज्ज्ञांकडे पोचल्या. एचएलए-बी२७, म्हणजे या आजाराशी जोडलेला एक आनुवंशिक घटक, पॉझिटिव्ह आलं. ही तपासणी एकटी काही ठरवत नाही, कारण ज्यांच्यात हा घटक असतो त्यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. पण सोबत एमआरआयमध्ये कमरेखालच्या त्रिकास्थीच्या दोन्ही सांध्यांत दाह दिसला, एक्स-रेत झीज दिसली, दाह दाखवणारं रक्तातलं सीआरपी वाढलेलं होतं, आणि डोळा होताच.

बरगडी का दुखते

बरगड्यांच्या बारा जोड्या. प्रत्येक बरगडी मागे मणक्याला सांध्यानं जोडलेली असते, आणि बहुतेक बरगड्या दोन ठिकाणी : एकदा मणक्याच्या मुख्य भागाला, एकदा त्याच्या बाजूला निघालेल्या टोकाला. पुढे वरच्या सात जोड्या कुर्चेमार्फत छातीच्या मधल्या हाडाला मिळतात. श्वास घेताना खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला आणि वर उचलल्या जातात. कडी जिथं बादलीत अडकवलेली असते ती जागा गंजली तर कडी उचलत नाही. या आजारात दाह नेमका त्या जागी येतो, मागच्या छोट्या सांध्यांत आणि स्नायू-अस्थिबंध हाडाला जिथं चिकटतात तिथं. म्हणून दुखणं पुढे जाणवतं आणि त्याचं मूळ बऱ्याचदा मागे असतं.

माणूस मिनिटाला बारा-सोळा श्वास घेतो. दिवसाचे वीस हजारांच्या आसपास होतात. तेवढ्या वेळा हे सांधे हलतात. दुखतं म्हणून माणूस नकळत उथळ श्वास घेऊ लागतो, खांदे पुढे ओढून घेतो, मानेच्या स्नायूंनी छाती उचलतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण न हललेला सांधा आणखी आखडतो, आणि मोठा श्वास घ्यायची वेळ आली, म्हणजे शिंक, खोकला, हसणं, चढ चढणं, की जास्त जोरात दुखतं. काही वर्षं असंच गेलं तर पिंजरा कायमचा आवळतो.

ताईंची छाती मी टेपनं मोजली. ही मोजणी त्यांच्या रोजच्या कामातलीच, त्यामुळे त्यांना लगेच उमगली. पूर्ण श्वास सोडून एक माप, पूर्ण भरून दुसरं, दोन्हींमधला फरक बघायचा. दोनदा करून चांगलं येईल ते लिहायचं. तरुण माणसात हा फरक ५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असतो, अडीचच्या खाली गेला तर छाती आखडली असं समजतात. ताईंचा २ आला. "चोळीचं माप घेताना आम्ही बाईला श्वास सोडाया लावतो," त्या म्हणाल्या, "माझं माप भरला तरी तेवढंच, सोडला तरी तेवढंच."

औषध आणि त्याची शिस्त

औषधं ठरवणं संधिवाततज्ज्ञांचं काम आहे. मी लिहिते ते ताईंच्या बाबतीत काय झालं एवढंच. दाह कमी करणारी गोळी, आधी नॅप्रॉक्सेन, त्यांना आधीही मिळालेली होती, पण दुखणं सहन होईना तेव्हाच त्या ती घ्यायच्या, एखादी. दाहाच्या आजारात ही गोळी ठरलेल्या पूर्ण मात्रेत, काही आठवडे रोज घेतल्याशिवाय तिचा खरा गुण कळत नाही. तशी घेतल्यावर सकाळचं आखडणं निम्म्यावर आलं, बरगडी मात्र फारशी सुटली नाही. मग याच वर्गातली दुसरी गोळी, एटोरिकॉक्सिब. तिनंही अर्धवटच. मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन ही औषधं हातापायांच्या सांध्यांवर चालतात, मणक्याच्या आणि बरगडीच्या दाहावर त्यांचा विशेष उपयोग होत नाही. म्हणून पुढची पायरी बायोलॉजिक इंजेक्शनची, म्हणजे प्रतिकारशक्तीचा दाह पेटवणारा भाग दाबणाऱ्या औषधाची होती : ॲडालिम्युमॅब ४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली.

ते सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची रक्ततपासणी आणि काविळीच्या तपासण्या झाल्या. आपल्या भागात क्षयाचे जंतू शरीरात झोपून असलेली माणसं पुष्कळ असतात आणि हे औषध त्यांना जागं करू शकतं. ताईंच्या तपासण्या स्वच्छ आल्या. हे औषध महाग आहे. २०१४ साली झायडस या औषध कंपनीनं त्याचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध, भारतात आणलं, पुढं इतरांनीही आणली, तेव्हापासून ते मूळ औषधापेक्षा बरंच कमी किमतीत मिळतं. तरीही तीन एकर कोरडवाहूवर चालणाऱ्या घराला हा खर्च सहज पेलत नाही. ताईंच्या घरी त्यासाठी पहिल्या वर्षी एक म्हैस विकली गेली. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण 'औषध सुरू केलं' या तीन शब्दांच्या मागे काय असतं ते वाचणाऱ्याला कळायला हवं.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, गोठू द्यायचं नाही. गावातली वीज उन्हाळ्यात कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळे इंजेक्शन केजच्या मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्येच असतं, ताई ठरलेल्या दिवशी बाजाराला जातात तेव्हा तिथल्या दवाखान्यात टोचून येतात. संभाजीनगरचा प्रवास दर काही महिन्यांनी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ही मोठी सोय झाली, पण एवढे तास एका जागी बसलं की बरगडी आखडतेच. त्या आता प्रत्येक मोठ्या स्टँडवर खाली उतरतात, हात वर ताणतात, पाठ मागे घेतात, मग चढतात. सुरुवातीला लोक बघायचे. आता बघितलं तरी त्यांना काही वाटत नाही.

एक गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावी. एप्रिल-मे मध्ये पारा ४०-४२ च्या पुढं जातो, रानात घाम निथळतो, पाणी कमी पडतं, आणि अशा सुकलेल्या शरीरात वेदनाशामक गोळी मूत्रपिंडावर थेट भार टाकते. ताईंना उन्हाळ्यात पाण्याचं माप ठरवून दिलं आहे. जुलाब-उलटी झाली तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, हेही ठरलेलं आहे.

रोजचं काम

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथं आहे. औषधानं दाह उतरला की सांधा हलायला तयार होतो, पण तो हलवावा लागतो. पहिल्या भेटीत मी त्यांना एकच व्यायाम दिला. दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर बाजूनं ठेवायचे, नाकानं श्वास घेत तळवे बाहेर ढकलायचे, दोन-तीन क्षण थांबायचं, तोंडानं सावकाश सोडायचं. पाच वेळा, दिवसातून तीनदा. कळ सुरू होते तिथपर्यंत जायचं, कळ दाबून पुढं जायचं नाही. आठवडाभरानं दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही हात चौकटीला टेकवून छाती पुढं नेणं वाढवलं, मग गोधडीची घट्ट गुंडाळी फऱ्यांखाली आडवी ठेवून उताणं पडणं, मग संध्याकाळी थोडा वेळ पालथं झोपणं. सकाळी हे सगळं गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, आधी केलं तर अंग साथ देत नाही.

व्यायाम चुकतात, हे मला माहीत आहे. चुकले नाहीत ते घरकामात आणि मशीनवर केलेले बदल, कारण ते एकदाच करायचे होते. पायमशीन विटांवर उचललं, म्हणजे मान आणि पाठ वाकेना. कापड जमिनीवर पसरून बेतायची सवय सोडून खाटेवर फळी टाकून उभ्यानं बेतणं सुरू झालं. मुलीनं मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावून दिला, वाजला की उठायचं, एक फेरी मारायची. भाकरी थापताना तळहाताचा सगळा जोर छातीच्या स्नायूंतून बरगडीच्या पुढच्या टोकांवर येतो. बसून थापणं जास्त दुखायचं, म्हणून चूल सोडून ओट्याजवळ उभ्यानं थापायला लागल्या. हापसा मारणं पूर्ण बंद, ते काम यजमानांकडे गेलं. कमरेवर घागर घेतली की एका बाजूच्या बरगड्या दाबल्या जातात आणि दुसऱ्या बाजूच्या ताणल्या जातात. त्याऐवजी दोन हातांत दोन छोट्या कळशा.

यातलं एक माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं, ते ताईंनीच शोधलं. ब्लाउजची खालची पट्टी छातीखाली घट्ट बसते आणि ती नेमकी दुखऱ्या बरगड्यांवर येते. त्यांनी स्वतःचे सगळे ब्लाउज उसवले, बाजूला माया सोडली, पट्टी रुंद आणि सैल केली. दिवसभराच्या दुखण्यात एवढा फरक पडला की आता माझ्याकडं येणाऱ्या बरगडीच्या दुखण्याच्या प्रत्येक बाईला मी आधी ब्लाउजचं विचारते.

रात्रीसाठी कडक गादी, पातळ उशी. कूस बदलताना कंबर आणि खांदे एकत्र वळवायचे, उठताना कुशीवर होऊन हाताच्या आधारानं उठायचं. शिंक आली तर जवळचं काहीतरी, उशी, घडी केलेलं लुगडं, छातीला घट्ट धरायचं, आणि हातानं टेबल किंवा भिंत धरून थोडं पुढं झुकायचं. "शिंक यायली म्हणलं की आधी काळजात धस्स व्हायचं," त्या म्हणतात. आता उशी शोधायची सवय झाली. शेक मिठाच्या पुरचुंडीचा चालतो, पण आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचा.

ताई संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठाला जातात. मी त्यांना सांगितलं, एक चरण एका श्वासात म्हणायचा प्रयत्न करा, जमेल तेवढा. पहिल्या महिन्यात अर्ध्यातच श्वास तुटायचा. मला हे औषध म्हणून सांगायचं नाही. पण जो श्वासाचा व्यायाम माणूस रोज आनंदानं करतो तो टिकतो, आणि सोबत चार बायका असतात हेही काही कमी नाही. या आजारात रात्री एकटीनं जागण्याचा जो थकवा येतो त्याबद्दल घरात बोलायला कुणी नसतं. देवळाच्या पायरीवर ताईंना ते बोलता येतं.

सहा-सात महिन्यांत छातीचा फरक २ वरून साडेतीनवर आला. कळ गेली नाही. आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस येते, जास्त काम झालं की येते, पण तिचा रस्ता त्यांना माहीत झाला : सकाळी जास्त, हालल्यावर कमी, दाबलं की ठरावीक ठिकाणी, दोन्ही बाजूंना कमी-अधिक.

नवी कळ

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, सोयाबीनच्या मळणीच्या धामधुमीत, ताईंचा फोन आला. "मॅडम, बरगडीत दुखायलंय, पण ही आपली कळ नाही. ही येगळीच हाय." मी विचारत गेले. फक्त उजवी बाजू. पाठीपासून स्तनाखालून पुढं मधोमध येऊन थांबते. हलण्याशी संबंध नाही, श्वासाशी नाही, गजर लावून फेरी मारली तरी तशीच. चटका बसल्यासारखी आग, आणि कातडीला पदर लागला तरी सहन होत नाही. घरात सगळे म्हणत होते, मळणीचं काम जास्त झालं, औषध कमी पडत असेल, आणखी एक गोळी घ्या. ताप नव्हता, धाप नव्हती, पायाला सूज नव्हती, पडणं-झडणं झालेलं नव्हतं. मी म्हटलं, कातडी नीट बघा आणि आजच डॉक्टरांना दाखवा.

त्या दिवशी कातडीवर काही नव्हतं. केजच्या डॉक्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ होती, त्यांनीही हेच सांगितलं, की पुरळ दिसलं तर लगेच या. दुसऱ्या दिवशी सकाळी लालसर पट्ट्यावर बारीक फोड उठले. जाऊबाई म्हणाल्या, शेक जास्त लागला असेल. जुने बिब्ब्याचे चट्टे तिथंच होते, त्यामुळे कुणालाही तसंच वाटलं असतं. पण आदल्या दिवशी शेक दिलाच नव्हता. ताईंनी फोटो पाठवला. नागीण होती.

कांजिण्यांचा विषाणू लहानपणचा आजार बरा झाल्यावरही मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती दबली की एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात वर येतो. बरगड्यांमधला पट्टा ही त्याची अगदी नेहमीची जागा. बायोलॉजिक घेणाऱ्यांना त्याचा धोका थोडा वाढतो. फोडांच्या आधी काही दिवस नुसतं दुखतं, आणि ज्याला आधीच बरगडीचं दुखणं आहे तो ते जुन्याच्याच खात्यावर टाकतो. विषाणूविरोधी गोळी फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत चांगला उपयोग होतो. ताईंना त्याच दुपारी ॲसायक्लोव्हिर सुरू झालं, ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. संधिवाततज्ज्ञांशी फोनवर बोलून ॲडालिम्युमॅबचं पुढचं इंजेक्शन थांबवलं गेलं.

घरात मात्र दुसरीच धावपळ सुरू झाली होती. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती आपल्याकडं फार खोल आहे. उतरवणाऱ्याकडे न्यायचं ठरत होतं. मी सासूबाईंशी बोलले. त्यांना म्हटलं, आत्या, हा पट्टा एका बाजूच्या एकाच शिरेचा आहे, तो मधली रेघ ओलांडून पलीकडं जात नाही, त्यामुळं तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच येत नाही. गेरू लावू नका, फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापडानं झाका, आणि शेजारची गरोदर सून आणि ज्या लेकरांना कांजिण्या झाल्या नाहीत ती खपल्या धरेपर्यंत लांब ठेवा. त्यांनी ऐकलं. एवढंच नाही, पुढच्या सात दिवसांत गोळीची एकही वेळ चुकू दिली नाही ती त्यांनीच, रात्रीची सुद्धा. ज्या बाईनं मायेनं बिब्बा घातला होता तिनंच मायेनं ही राखण केली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अडाणी ठरवून बाजूला बसवण्यात काही हशील नाही, त्यांना नीट कारण सांगावं, ती सगळ्यात पक्की सोबत करतात.

दोन-अडीच आठवड्यांत खपल्या पडल्या. आग पुढं महिनाभर मधूनमधून राहिली, मग गेली. इंजेक्शन थांबलेलं असताना जुनी कळ परत वर आली, सकाळचं आखडणं वाढलं, दोन्ही कळा काही दिवस शेजारी-शेजारी होत्या आणि ताई त्या वेगळ्या सांगू शकत होत्या. खपल्या पूर्ण गेल्यावर तज्ज्ञांनी ॲडालिम्युमॅब पुन्हा सुरू केलं. नागिणीची लस आता भारतात मिळते, जिवंत विषाणूची नसल्यामुळे अशा औषधांवर असलेल्यांनाही देता येते, पण तीही महाग आहे. ताईंच्या घरी तिचा विचार पुढच्या तुरीच्या पैशांवर ठेवला आहे.

सध्या काय ठरलं आहे

या प्रसंगानंतर आम्ही दोघींनी मिळून एक कागद केला, तो ताईंच्या मशीनच्या वरच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. त्यावर आधी जुन्या कळेचं वर्णन त्यांच्याच शब्दांत आहे आणि खाली, यापेक्षा वेगळं वाटलं तर काय करायचं ते. छातीत दाब येऊन डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटत असेल, तर थेट मोठा दवाखाना, ईसीजी, वाट बघायची नाही. अचानक धाप लागली, किंवा पायाची एक पोटरी सुजून दुखत असताना छातीत टोचू लागलं, तरी तसंच. साधं पडणं झालं आणि पाठीत किंवा बरगडीत नवं दुखणं उठलं तर त्या जागेला कुणालाही हात लावू द्यायचा नाही, आधी एक्स-रे, आणि एक्स-रेत दिसलं नाही पण दुखणं तसंच राहिलं तर पुढची तपासणी मागायची. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बरेच दिवस खोकला, किंवा श्वास घेताना एकाच बाजूला टोचणं असेल तर क्षयाची तपासणी, आधीची स्वच्छ आली होती म्हणून सोडून द्यायचं नाही. एका बाजूची आग असेल तर कातडी रोज बघायची. डोळा लाल होऊन ठणकला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

यजमान तंबाखू खात आणि घरात विडी ओढत. धूम्रपानानं हा आजार जोरात पुढं सरकतो आणि छाती आणखी आखडते, हे तज्ज्ञांनी रोग्याबद्दल सांगितलं होतं, पण धूर घरात होता. विडी आता अंगणात गेली आहे. बंद झालेली नाही, त्यावर बोलणं चालू आहे.

हाडांची घनता मोजायची राहिली आहे, ती पुढच्या संभाजीनगरच्या फेरीत होईल. छातीचा फरक मागच्या भेटीत साडेतीनवरच होता, वाढला नाही, उतरलाही नाही. लगीनसराई जवळ आली आहे. ताईंनी यंदा ब्लाउजांची संख्या आधीच ठरवून घेतली आहे, आणि हेमिंग-हुक लावायचं काम शेजारच्या एका मुलीला पैसे देऊन सोपवलं आहे. ती मुलगी शिकून तयार झाली तर बेतणंही हळूहळू तिच्याकडे द्यायचं, असा त्यांचा बेत आहे.